मुके रातकिडे

४ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

अ. आ. आशीर्वाद अनेक असले तरी आज ते दातओठ खाऊन देते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तुझं पत्र मिळालं. माझ्या कोळिणीला, ठकीला खायला आणलेले साठच्या साठ रातकिडे चार दिवसांत मेले आणि त्याचं खापर तू दुकानदारावर फोडून मोकळा झालास. मी फोनवर तुला दोनदा सांगितलं होतं की डब्यात कोंडा घाल आणि पाण्यासाठी काकडीच्या चकत्या ठेव. तू लिहितोस, तुझ्या सांगण्याप्रमाणे मधोमध धोंडा ठेवला आणि कडेनं लाकडी चकत्या! अरे, कोंडा कुठे आणि धोंडा कुठे? बावन्न वर्षांच्या माणसाला एवढंही कळू नये की दगड आणि लाकूड वाढल्यावर कुणीही मरेल? वर मलाच विचारतोस की लाकूड कोणत्या झाडाचं हवं होतं. थट्टा करत असशील तर ती साठ जिवांना महाग पडली.

म्हणून आता लिहूनच देते. हा कागद फ्रिजवर चिकटव. डबा मोठा, गुळगुळीत भिंतींचा घे. झाकणात चौकोन कापून त्यावर लोखंडी बारीक जाळी लाव, प्लास्टिकची ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेव, म्हणजे एकमेकांच्या अंगावर न पडता त्यांना लपता येईल. गर्दी झाली की ते एकमेकांना खातात. तळ कोरडा. एका झाकणात कोंडा. काकडीची किंवा गाजराची चकती रोज नवी. वाटीत पाणी ठेवू नकोस, बुडून मरतील. मेलेले रोज काढ.

ठकी लहान आहे हे विसरू नकोस. तिच्या पोटापेक्षा मोठा किडा तिला द्यायचा नाही. दिलेला किडा तिनं दिवसभरात खाल्ला नाही तर बाहेर काढायचा.

इथे वसतिगृहाच्या बाई सोनेरी मासासुद्धा ठेवू देत नाहीत, तिथे टॅरंटुला कोण ठेवून घेणार? नाहीतर माझी कोळीण तुझ्या गळ्यात बांधायची मला हौस नव्हती. बदलीचं हे एक वर्ष निभावून ने. या शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस सूक्ष्मदर्शकं आहेत आणि एकाचंही भिंग त्याच्या जागी नाही. म्हणजे दोन्हीकडे माझं नशीब सारखंच.

फोन उचलत जा. माया आहेच, ती ताणून बघू नकोस.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, कारण सोफ्याखाली पळालेला रातकिडा शोधत मी खरोखर जमिनीवर पालथा पडलो आहे.

तू सांगितलंस ते सगळं केलं. डबा आणला. जाळी आमच्या कार्यशाळेतून आणली, मोटरच्या पंख्याला लावतो ती. इतकी पक्की बसवली की झाकण उघडायला पाना लागायचा. म्हणून मग एक बाजू सैल केली, आणि त्या सैल बाजूनं अकरा जण बाहेर पडले. तीन बाथरूममध्ये सापडले. एक माझ्या बुटात होता, तो आता नाही. बाकीचे सात या घरात माझ्यासोबत राहतात आणि भाडं मीच भरतो.

आणि त्या वासाबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस! दोन दिवस मी कामावर डबल पाळी केली, काकडी बदलायची राहिली, कोंडा ओला झाला. परत आलो तर दार उघडताच डोळ्यांत पाणी. लिफ्टच्या खड्ड्यात उंदीर मेल्यावर येतो त्याहून वाईट. सगळं ओतून, डबा पुसून, उन्हात वाळवून पुन्हा मांडलं. सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. नऊ मजली इमारतीचा दोर बदलताना एवढी कटकट झाली नव्हती. तू आयुष्यभर बेडकांत आणि झुरळांत काढलंस, तुला काय! मी लोखंडातला माणूस. लोखंडाला भूक लागत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदार खोटं बोलला. म्हणाला, हे ओरडून ओरडून जीव खातील. छे! हूं नाही की चूं नाही. इतके सभ्य भाडेकरू या इमारतीत दुसरे नाहीत.

ठकीनं काल एक बारीक किडा धरला. झडप घातली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. जरा मोठी झाली की ही काय करेल, देव जाणे.

फोनचं म्हणशील तर त्यात काही दम नाही. तुमच्या गावची लाइनच खराब, सगळं घोगरं घोगरं येतं. पत्र बरं. लोभ आहे तो आहे. रातकिडे मात्र कमी व्हावेत.

तुझा
छोट्या


१९ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

अ. आ. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढ आणि कोपऱ्यात गाजराचा तुकडा ठेव. सातही जण आपण होऊन येतील. पालथं पडायचं तुझं वय राहिलेलं नाही.

ते ओरडत नाहीत यात सभ्यपणा काही नाही. तू बारीक किडे आणलेस, त्यांना पंख नाहीत. पंख फुटले की नर पंखावर पंख घासून ओरडतात. हीच खूण धरून ठेव, फार उपयोगी आहे. डब्यातून आवाज येत नाही तोवर सगळे लहान, ठकीला चालतील. पहिला आवाज आला की समज, काही मोठे झाले. ते वेगळे काढायचे आणि दुकानात परत द्यायचे. तुझे डोळे जवळचं बघायला कुरकुरतात हे मला माहीत आहे, म्हणून कानाची खूण सांगते.

हे इतकं महत्त्वाचं का, ते पण ऐक. ठकी कात टाकते. आठदहा दिवस आधी खाणं सोडेल, सुस्त होईल. मग उताणी पडून जुन्या कातडीतून बाहेर येईल. तेव्हा तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, तिला हलताही येत नाही. त्या वेळी आत एखादा मोठा रातकिडा राहिला तर तोच तिला कुरतडतो. जेवण उठून जेवणाऱ्याला खातं! म्हणून खाणं सोडलं की आत एकही किडा नको.

रविवारी मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तू उचललास आणि मी काय म्हणते ते न ऐकता हो हो, बरं बरं, असं म्हणून ठेवून दिलास. मी तुला विचारलं होतं की गुडघा कसा आहे. त्यावर हो हो हे उत्तर होत नाही. लाइन चांगली आहे; याच लाइनवर बाकी सगळं जग माझ्याशी नीट बोलतं. तुला मोठ्या बहिणीशी बोलायचा कंटाळा असेल तर तसं सांग.

इथे रसायनशास्त्राच्या नव्या सरांनी सगळ्या बाटल्यांवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आहेत आणि ते अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. मी रोज वास घेऊन ओळखते आहे. कधीतरी भोवेल.

रागावले तरी तुझीच,
ताई


६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आता तूच मला प्रमाणपत्र दे. डबा फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवला आहे. कोरडा, स्वच्छ. रोज सकाळी चिमट्यानं मेलेले काढतो, गाजर बदलतो. ट्रे झटकला की एखादा बरणीत पडतो, तो ठकीला. तुझी कानाची खूण अगदी सोयीची. एक महिना होत आला, आवाज नाही, म्हणजे सगळे लहान. डोळ्यांना त्रास नाही.

ठकी चार दिवस जरा आळसावली आहे. कालचा किडा तिनं अजून धरलेला नाही. बहुतेक उन्हाळ्याचं असेल.

बाकी सगळं वैतागाचं. पलीकडच्या खोलीतली शाळेची बस चालवणारी बाई आठवते ना, मागच्या फुटक्या पाइपाच्या भांडणात माझ्या बाजूनं उभी राहिलेली? तिला काय झालंय कळत नाही. परवा दारात येऊन हातवारे करून गेली. मी शांतपणे विचारलं की काय झालं, तर पाय आपटत निघून गेली. माणसं कामानं चिडचिडी होतात.

कामावरही तेच. एका दवाखान्यातून तिसऱ्यांदा तक्रार, म्हणे लिफ्ट किंचाळते. मी स्वतः जाऊन वर-खाली बारा फेऱ्या मारल्या. काहीही नाही. तसं लिहून दिलं. दोन दिवसांनी माझ्या जोडीदारानं जाऊन वरच्या चाकाचं बेअरिंग बदललं, मला न विचारता! सत्तावीस वर्षं मी बेअरिंग आवाजावरून ओळखतो, अख्ख्या कंपनीत माझ्या कानाची शपथ घेतात, आणि हा मला न सांगता बेअरिंग बदलतो. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्यालाही काही फरक पडलेला दिसला नाही.

गुडघा बरा आहे. विचारलं होतंस, म्हणून सांगतो. कृपा असू दे आणि फोन नको.

छोट्या


१२ मार्च

ताईंस,

स. न. वि. वि. तुमचा पत्ता मी तुमच्या भावाच्या दाराखाली आलेल्या पाकिटावरून घेतला. चोरून वाचलं नाही, फक्त पत्ता घेतला.

मी तुमच्या भावाच्या पलीकडे राहते. पहाटे साडेचारला उठून शाळेची बस काढते. चाळीस मुलं माझ्या भरवशावर असतात, झोप नीट झाली नाही तर कसं चालेल, तुम्हीच सांगा. पंधरा दिवस झाले, तुमच्या भावाच्या घरातले किडे संध्याकाळपासून जे सुरू होतात ते थांबायचं नाव घेत नाहीत. भिंत जणू कागदाची. मी कापूस घातला, उशी डोक्यावर घेतली, काही उपयोग नाही.

सांगायला गेले. साफ करायला काढलेला डबा टेबलावर, त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर. आत दोनतीन जण जीव तोडून ओरडत होते. मी म्हटलं, या आवाजाचं काहीतरी करा. तुमच्या भावानं माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं की कसला आवाज. ताई, मी गरीब असेन पण वेडी नाही. माझी अशी टर उडवायला मी त्यांचं काय घोडं मारलं आहे?

माणूस वाईट नाही म्हणून मालकाकडे न जाता तुम्हाला लिहिते. टीव्हीही फार मोठ्यानं लावतात, पण ते मी सोडून दिलं. एकदा सांगून बघा. राग नसावा, आणि मला झोप लाभावी.

आपली,
पलीकडची बसवाली


१४ मार्च

ताई,

नमस्कार घे. ठकी मेली.

सकाळी बघितलं तर उताणी. आठही पाय वर. आणि तिच्या अंगावर एक रातकिडा बसलेला, हा एवढा, काळा, पंख असलेला. तिच्या मागच्या पायाचा शेंडा चघळत होता. मी त्याला चिमट्यानं ओढून काढला आणि काय केलं ते लिहीत नाही. कुठून आला हा घोडा? आवाज नाही, काही नाही! आठ दिवस आत होता बहुतेक. ती खाईल खाईल म्हणून मी ठेवला.

तू सांगितलं होतंस. सगळं सांगितलं होतंस. मला काय बोलायचं ते बोल.

दुपारी पुन्हा लिहितो आहे. मेलेली नाही! कातडी फाटली आणि तिच्यातून ती बाहेर येते आहे, पांढुरकी, ओली. एक पाय मात्र अर्धाच आहे आणि तिथून पाण्यासारखं काहीतरी येतं आहे. मी कामावर गेलो नाही. हात लावू का नको? लगेच लिही.

छोट्या


१७ मार्च

चि. छोट्यास,

अ. आ. हात लावू नकोस. पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच. गळती आपोआप थांबली असेल. थांबली नसती तर एव्हाना तूच कळवलं असतंस. बशीत थोडं पाणी ठेव, दहा दिवस खायला काही देऊ नकोस, तिचे दात अजून मऊ आहेत. पाय पुढच्या दोनतीन कातींत पुन्हा येतो. ती जगेल.

आता तुझी पाळी.

पत्र उघडलं तेव्हा मी इतकी चिडले होते की मनातल्या मनात तुला चार पानं सुनावली. खाणं सोडलं की किडा काढ, हे मी ठळक अक्षरात लिहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! मग तुझ्या बसवाल्या शेजारणीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ते तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी आलं होतं. ती लिहिते की पंधरा दिवस ते किडे भिंतीपलीकडे तिला झोपू देत नाहीत. तू डब्यापासून हातभर अंतरावर बसला होतास आणि तिला विचारलंस की कसला आवाज.

तिला वाटलं तू टर उडवतोस. मी तुला तुझ्या जन्मापासून ओळखते. तुला टर उडवताना चेहरा सरळ ठेवता येत नाही.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मी बसले. मग तुझी जुनीही काढली. कोंड्याचा धोंडा झाला. काकडीची लाकडी झाली. गुडघा विचारला तर हो हो. दवाखान्याची लिफ्ट सगळ्यांना किंचाळताना ऐकू येते आणि तुला बारा फेऱ्यांत येत नाही. आणि घोगरी फक्त माझीच लाइन.

छोट्या, ते किडे मुके नाहीत. तुला ऐकू येत नाही. बारीक, चिरके आवाज आधी जातात. मोटरच्या खोलीत सत्तावीस वर्षं घालवलेल्या माणसाचे तर जातातच. आणि कानाची खूण धर असं मीच तुला सांगितलं. ठकीच्या पायात माझाही वाटा आहे.

कान तपासून घे. या आठवड्यात.

काळजीत,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ठकी बरी आहे. गळती थांबली. तुझं बाकीचं पत्र मी वाचलं नाही असं समज.

माझे कान शाबूत आहेत. कानावरच माझं पोट आहे. दोराचा एक धागा तुटला तरी मला कळतं. तू शंभर कोस लांब बसून चार चिठ्ठ्या जुळवून माझा निकाल लावतेस? लहानपणीही तसंच. शिंक आली की तूच ठरवायचीस, मला न्यूमोनिया झाला. त्या बाईला किडे ऐकू येत असतील तर तिचे कान वाजत असतील. बसच्या इंजिनानं तसं होतं.

आणि कुणाकडे हे बोलू नकोस. आमच्या कामात अशी गोष्ट एकदा पसरली की माणसाला लिफ्टच्या शाफ्टमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. आठ वर्षं राहिली आहेत माझी.

छोट्या


२७ मार्च

चि. छोट्यास,

अ. आ. भांडत नाही. मी प्रयोगशाळेतली बाई, प्रयोग सांगते.

संध्याकाळी डबा टेबलावर घे. टीव्ही बंद. चष्मा लाव. उरलेल्यांत जो पंखवाला नर असेल त्याच्यावर नजर ठेव. ओरडताना तो पंख पाठीवर थोडे उचलतो आणि ते थरथरतात. थरथर दिसली की आवाज आहेच, त्याला दुसरा मार्ग नाही. तुला थरथर दिसली आणि आवाजही आला, तर मी तुझी लेखी माफी मागेन, शाळेच्या शिक्क्यानिशी.

शेजारणीला सोबत बोलाव. तिच्या हातात पेन्सिल दे. आवाज ऐकू आला की तिनं टेबलावर टकटक करायचं.

निकाल जो असेल तो खरा लिही. तेवढं मोठ्या बहिणीचं देणं लागतोस.

ताई


४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

प्रयोग केला. शेजारीण आली, आधी दारातच उभी राहिली, मग तुझं पत्र वाचायला दिलं तेव्हा बसली.

नर सापडला. ट्रेच्या वरच्या कडेला येऊन उभा होता. पाचेक मिनिटांनी त्यानं पंख उचलले. काचेसारखे पातळ. ते इतक्या जोरात थरथरू लागले की कडा दिसेनात, बंद न होणाऱ्या मोटरच्या पट्ट्यासारखे. आणि टेबलावर पेन्सिल पडली, टक. पंख थांबले, पेन्सिल थांबली. पंख उचलले, टक. मी कान डब्याला लावला. जाळीला लागून गालाला ओरखडा उमटला. काही नाही, ताई. पेन्सिल ऐकू येत होती. फ्रिज ऐकू येत होता. तो माझ्या नाकासमोर सगळं अंग हलवून ओरडत होता आणि माझ्यासाठी तिथे नुसता एक किडा होता.

शेजारणीनं बऱ्याच उशिरा पेन्सिल खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, तिला साखर कुठे आहे ते माहीत नव्हतं तरी.

आता सांगतो जे लपवलं होतं. फेब्रुवारीत आम्ही एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या छतावर होतो, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. मी वाकून रूळ पुसत होतो. केबिन हलायच्या आधी एक बारीक पिपाणी वाजते. जोडीदारानं बटण दाबलं, पिपाणी वाजली असणार, आणि मी हात काढला नाही. केबिन सुरू झाली. त्यानं कॉलर धरून मागे ओढलं. शर्टाची बाही रुळाच्या पट्टीत राहिली, हात राहिला नाही, एवढंच. मी त्यालाच शिव्या घातल्या की पिपाणी न वाजवता का सुरू केलीस. त्यानं बाही पट्टीतून सोडवून माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मला माहीत होतं बहुतेक. माहीत असणं आणि मानणं यात किती मजले असतात, ते तू सांग. परवा तपासणीला जातो. ऑफिसात सांगणार नाही. यंत्र कानाच्या आत बसणारं मिळतं, कुणाला दिसत नाही.

तुझा
छोट्या


९ एप्रिल

चि. छोट्यास,

अ. आ. पत्र वाचून मी दारं लावून घेतली आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता बरी आहे.

तपासणीला जातोस ते फार चांगलं. पण ऑफिसात सांगणार नाहीस हे चालणार नाही. माझ्यावर पुन्हा चिडायचं तर चीड. त्या दिवशी कॉलर धरणारा जवळ होता. उद्या त्याच्या जागी दुसरा कुणी असेल आणि वाकलेला तू नसशील, तो असेल, आणि पिपाणी ऐकून त्याला सावध करायचं काम तुझं असेल. ठकीचा पाय परत येतो. माणसाचा येत नाही.

नोकरीचं मला कळत नाही असं समजू नकोस. तू शाफ्टमधून उतरलास की कोण असशील, ही भीती तुझी आहे आणि ती खरी आहे. तरी सांग. तूच सांग, दुसऱ्यानं सांगायच्या आत.

यापुढे या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही. मन तुझ्यापाशीच आहे.

ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बरेच दिवस लिहिलं नाही, कारण दर वेळी कागदाचाच आवाज इतका व्हायचा की चिडून उठायचो. कागद ओरडतो हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

तपासणी झाली. मऊ भिंतींची एक कोठी, कानावर यंत्र, हातात बटण; आवाज आला की दाबायचं. मी तयार होऊन बसलो आणि बाई कधी सुरू करतात याची वाट बघत राहिलो. नंतर कळलं की निम्मी तपासणी संपली होती. आलेख दाखवला त्यात रेघ उजवीकडे जाता जाता दोर तुटल्यासारखी खाली जाते. डावा कान जास्त गेला आहे.

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. दिसतात. आत बसणारी माझ्या आलेखाला चालत नाहीत. पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. चपला फटफट करतात, नळ फसफसतो, माझं स्वतःचं गिळणं मला ऐकू येतं. घरी येऊन डब्याजवळ गेलो आणि दोन मिनिटांत यंत्रं काढून ठेवली. ताई, हा छळ तू मला न सांगता माझ्या घरात पाठवलास? तसाच शेजारणीच्या दारात गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली की माफी राहू दे, डबा आतल्या भिंतीकडे सरकवा. पंखवाले सगळे दुकानात परत दिले. आता दर रविवारी चष्मा लावून, ट्रे उजेडात धरून निवडतो. ठकीनं काल कातीनंतरचा पहिला किडा धरला, सात पायांनी. काही कमी पडलं नाही तिला.

साहेबांना सोमवारी सांगितलं. फेब्रुवारीचंही सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, पेन खाली ठेवलं. माझ्यावर ओरडले, यंत्रांमुळे सगळं नीट ऐकू आलं. शाफ्ट बंद. सध्या कार्यशाळेत ब्रेक जुळवायला बसवलं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग ठरवतील. कदाचित वर पाठवतील, कदाचित नाहीच. पहिल्या दिवशी स्टुलावर बसून मी इतका चरफडलो की तीन स्क्रूंचे आटे घालवले. काम सोपं आहे, तेच सहन होत नाही.

जोडीदाराला मात्र सांगवत नव्हतं. साहेबांपेक्षा त्याची भीती जास्त. काल दुपारी कार्यशाळेच्या मागच्या पायरीवर तो डबा खात बसला होता, तिथे गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बेअरिंगवरून त्याच्याशी अबोला धरला होता त्याबद्दलही बोललो. तो घास चावत राहिला. मग म्हणाला की त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकीचं ऐकलं, म्हणून विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. म्हणाला, तुला काय वाटलं, मी नेहमी तुझ्या उजव्या हाताला का चालतो? छतावर उजवी बाजू का घेतो, तिथल्या ग्रिसनं माझे सगळे शर्ट वाया गेले तरी? तुला सांगितलं असतं तर तू मारायला धावला असतास, आणि साहेबांना सांगितलं असतं तर मी मलाच माफ केलं नसतं. त्या दिवशी बाही फाटली तेव्हापासून मला झोप नाही.

मला खूप राग आला, ताई. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून फिरलो आणि मला वाटत होतं मीच चालतोय. आपल्यावर कुणी दया करतं आहे हे कळलं की कसं होतं, तुला माहीत आहे. तिथून उठून जाणार होतो. उठलोही.

पण गेलो नाही. वळसा घालून त्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसलो, असा की तो माझ्या डावीकडे, जास्त गेलेल्या कानाकडे आला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, डबा मध्ये सरकवला, आणि त्याच्या नव्या जोडीदाराची गाऱ्हाणी सांगू लागला, नेहमीच्या आवाजात, न ओरडता. निम्मं मला कळलं नाही. जे कळलं नाही ते मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

प्रेम असू दे.

तुझा
छोट्या